लाकूड, ऊन आणि पाऊस : घराबाहेरच्या फर्निचरची निगा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्ते रेल्वेच्या वर्क्स शाखेत इंजिनिअर आहेत.)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. मी डिप्लोमा केलेला साधा इंजिनिअर. साहित्य किंवा अध्यात्म यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण समितीच्या मंडळींनी आग्रह केला की, "साहेब, घरी गेल्यावर उपयोगी पडेल असे काहीतरी सांगा." माझी नोकरी क्वार्टरांची दारे, खिडक्या, छपरे आणि गटारे यांच्यात गेली आहे. म्हणून व्हरांड्यातले कपाट, अंगणातले बाक, गच्चीवरच्या खुर्च्या आणि क्वार्टरचे दार पावसापासून व उन्हापासून कसे वाचवावे, हाच विषय घेतला आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एखादी तरी लाकडी वस्तू अशी आहे की जी आजोबांनी किंवा वडिलांनी आणली. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत स्थायिक असलेली घराणी आज इथे बसली आहेत. आमच्यासारखे रेल्वेवाले नंतर आले. १ एप्रिल २००३ रोजी झाशी मंडळ उत्तर मध्य रेल्वेत गेले. त्याआधी ते मध्य रेल्वेत होते आणि मुख्यालय मुंबईत होते, त्यामुळे भुसावळ, नागपूर, पुणे, कल्याण इथून बदलीवर आलेली कुटुंबे सामान घेऊनच आली. त्या सामानातली सागवानी कपाटे, पाट, देव्हारे आज भंगारवाल्याकडे जाताना मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते. त्यातली बरीचशी वाचवता आली असती, तीही फार खर्च न करता.

झाशीची हवा आणि लाकडाचा स्वभाव

लाकूड हा स्पंजासारखा पदार्थ आहे. हवा दमट झाली की ते ओल शोषून घेते आणि फुगते. हवा कोरडी झाली की ओल सोडते आणि आकसते. झाड तोडून कितीही वर्षे झाली तरी हा स्वभाव जात नाही.

आता आपले गाव पाहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, वर लू. अशा हवेत लाकडातली ओल ५-६ टक्क्यांपर्यंत उतरते. जुलै-ऑगस्टात त्याच लाकडाची ओल १५-१६ टक्क्यांकडे जाऊ लागते. कोकणात पाऊस आपल्या कित्येक पट पडतो, पण तिथली हवा बारा महिने थोडीफार दमट असते. झाशीत पाऊस कमी, मात्र कोरडेपणा आणि दमटपणा यांतला फरक मोठा. लाकडाला नुसत्या पाण्यापेक्षा ही दरवर्षीची ओढाताण जास्त भोवते.

हिशेब करून पाहू. सागाच्या ८ इंची, म्हणजे २०० मिलिमीटर रुंद फळीत उन्हाळा व पावसाळा यांत ८ टक्के ओलीचा फरक धरला, तर फळी रुंदीत सुमारे ३ मिलिमीटर कमीजास्त होते. लांबीत मात्र ती जवळजवळ बदलत नाही. साग हे कमी हलणारे लाकूड, बाकीच्यांचे विचारूच नका. दाराला अशा चार फळ्या असल्या की दार पावसाळ्यात का अडकते आणि मे महिन्यात फटीतून प्रकाश का येतो, हे लगेच कळेल.

ऑगस्टात माझ्याकडे तक्रारींचा ढीग येतो : "दार लागत नाही, सुतार पाठवा." सुतार आला की रंधा मारतो आणि दार लागते. पुढच्या मे महिन्यात त्याच दारातून धूळ आत येते म्हणून पुन्हा तक्रार. म्हणून माझे सांगणे असते की पावसाळ्यात अडकलेल्या दारावर घाईने रंधा मारू नका. कडेला मेण किंवा साबण चोळा आणि दिवाळीपर्यंत थांबा. हवा कोरडी झाल्यावरही अडकत असेल, तरच रंधा. आणि रंधा मारल्यावर ती उघडी पडलेली कड त्याच दिवशी रंगवा. नाहीतर तिथूनच पुढच्या वर्षी जास्त ओल आत शिरते आणि दार आणखी फुगते.

रत्नागिरीहून किंवा मुंबईहून आणलेले कपाट झाशीच्या पहिल्या उन्हाळ्यात तडकते, त्याचे कारणही हेच. त्या लाकडाला तिथल्या हवेची सवय असते. असे कपाट आणल्यावर पहिली काही महिने कूलरच्या झोतात किंवा दुपारचे ऊन येणाऱ्या भिंतीला ठेवू नये. चौकटीत बसवलेली फळी खाचेत मोकळी असते, तिला खिळा मारून किंवा फेव्हिकॉल लावून जखडू नये. जुन्या सुतारांनी ती हलण्यासाठी मुद्दाम मोकळी सोडलेली असते. आपण फट दिसली म्हणून खिळा मारतो, आणि मग फळीच मधोमध चिरते.

लाकडाचे चार शत्रू

पहिला शत्रू बुरशी. लाकडातली ओल बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिली की कुजवणारी बुरशी वाढते. त्याखाली ती वाढत नाही. म्हणजे पावसाची एक सर लाकडाला मारत नाही. पाणी साचून राहणे मारते. बाकाच्या पायाखाली, दोन फळ्यांच्या सांध्यात, कपाटाच्या मागे, भिंतीला टेकलेल्या बाजूला पाहा, कूज तिथेच सुरू होते.

दुसरा शत्रू वाळवी. आपल्याकडची वाळवी जमिनीतून येते. तिला ओलावा आणि अंधार लागतो, म्हणून ती मातीची नळी बांधत चढते. कपाटाचा पाय थेट मातीवर किंवा भेगाळलेल्या फरशीवर असेल तर तिला आमंत्रणच आहे.

तिसरा शत्रू ऊन. उन्हातले अतिनील किरण लाकडाचे धागे बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक तोडतात. लाकूड आधी पिवळट, मग राखाडी होते आणि वरचा थर पावसात धुऊन जातो.

चौथा शत्रू आपल्या गावाचा खास आहे : कूलर! एप्रिल ते जून झाशीत पावसाचा पत्ता नसतो, तरी खिडकीची चौकट कुजलेली सापडते. कूलरची टाकी गळते, गवताच्या पॅडमधून पाणी थेंबथेंब चौकटीवर पडते आणि तीन महिने लाकूड ओलेच राहते. मी तपासलेल्या कुजलेल्या चौकटींत पावसाने कुजलेल्या कमी आणि कूलरने कुजलेल्या जास्त होत्या. कूलर चौकटीला चिकटवून न ठेवता लोखंडी स्टँडवर दोन-तीन इंच सोडून ठेवा, आणि खिडकीच्या खालच्या लाकडावर बाहेर उतार असलेली पत्र्याची पट्टी बसवा.

आधी पाण्याची वाट, मग रंग

लोक मला पहिला प्रश्न विचारतात, "साहेब, कोणता रंग लावू?" माझे उत्तर असते, आधी पाणी कुठून येते आणि कुठे थांबते ते पाहा.

आपल्या जुन्या वाड्यांत हे शास्त्र होते. सागवानी खांब कधी जमिनीत गाडत नसत. खाली दगडी तळखडा, त्यावर खांब. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, लाकूड गेले. पण आजही तिथे गेलात तर खांबांच्या जागी दगडी तळखडे दिसतात. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागाचे सागवानी कोरीव काम आजही उभे आहे. त्या वेळी आजचे रंग-रसायन काही नव्हते. गाभ्याचा साग, जमिनीपासून उंची आणि वर पुढे आलेले छप्पर, एवढ्यावर ते टिकले.

तेच आपल्या व्हरांड्यात करता येते. बाकाच्या किंवा कपाटाच्या प्रत्येक पायाखाली कोटा स्टोनचा किंवा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवा. दुकानात कापून उरलेले तुकडे सहज मिळतात. कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. उघड्यावरच्या कपाटाला वर उताराचा पत्रा बसवा. तो चारी बाजूंनी दोन-तीन इंच बाहेर आलेला हवा आणि त्याची कड खाली वळवलेली हवी, म्हणजे पाणी लाकडावरून न ओघळता बाहेर पडेल. पाठीच्या प्लायला वर आणि खाली भोके पाडून बारीक जाळी लावा. बाकाच्या बैठकीच्या फळ्यांत बोटाच्या टोकाएवढी फट ठेवा. पाणी खाली गळून गेले पाहिजे.

पावसाळ्यात फर्निचर प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती सोडा. ऊन पडले की आतली वाफ प्लॅस्टिकला लागून थिजते आणि लाकूड आतल्या आत भिजत राहते. झाकायचेच असेल तर वर ताडपत्री ताणा आणि बाजू मोकळ्या ठेवा.

रेल्वेत शिकलेली गोष्ट

लाकडी स्लीपर आता आपल्या मुख्य रुळांवरून गेले, त्यांची जागा काँक्रीटच्या स्लीपरने घेतली. पण जुन्या परमनंट-वे खात्याने लाकडाचा जो अभ्यास केला होता तो घरीही उपयोगी आहे. साल-सागाचे स्लीपर आले की ते एकावर एक दाबून रचत नसत. 'एक आणि नऊ' नावाची रचण्याची पद्धत होती. एका थरात नऊ स्लीपर, त्यावर आडवा एक, पुन्हा नऊ. म्हणजे वरचा थर एका बाजूने उचललेला राहतो, हवा सगळीकडून फिरते आणि पाणीही उतारावरून जाते. शिवाय प्रत्येक स्लीपरच्या दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी आवळत, कारण लाकूड फाटते ते टोकापासून.

टोकाचे महत्त्व लक्षात घ्या. झाडात पाणी मुळापासून वर नेणाऱ्या ज्या नळ्या असतात, त्या फळीच्या कापलेल्या टोकाशी उघड्या पडतात. फळीच्या पाठीपेक्षा टोकातून पाणी कित्येक पटींनी जास्त शिरते. आपले रंगारी मात्र समोरची बाजू चकचकीत करतात आणि पायांचे तळवे, दाराची खालची कड, फळीची टोके कोरडीच सोडतात. दार बिजागरीवरून उतरवा आणि खालची कड रंगवा. खुर्ची उलटी करा आणि पायांच्या तळव्यांना प्रायमर पाजा. कपाटाची पाठही रंगवा. माझ्या हाताखालच्या रंगाऱ्यांना मी एकच नियम सांगतो : फळीला सहा बाजू असतात, सहाही रंगवायच्या.

तेल, व्हार्निश की रंग?

फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, पण ते स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे असते. पाणी पडले की पांढरे डाग पडतात. म्हणून ते घरातल्या देव्हाऱ्याला ठीक, अंगणातल्या बाकाला अजिबात नाही. पारदर्शक व्हार्निशची अडचण अशी की ऊन त्यातून आरपार जाते. वरचा थर चांगला दिसतो, पण खालचे लाकूड झिजते आणि वर्ष-दोन वर्षांत व्हार्निशच्या पापड्या निघतात. छपराखालच्या वस्तूला बाहेरच्या वापराचे व्हार्निश किंवा बाहेरचे पीयू लावता येते, पण उघड्या उन्हातल्या वस्तूला नको.

उन्हातल्या बाकाला माझ्या मते दोनच गोष्टी : तेल किंवा रंग.

तेल म्हणजे जवसाचे. बुंदेलखंडात अलसी भरपूर पिकते, पण घाण्याचे कच्चे तेल सुकायला फार वेळ घेते. रंगाच्या दुकानातले 'डबल बॉइल्ड' तेल घ्या. पहिल्या हाताला निम्मे टर्पेन्टाइन मिसळा, म्हणजे ते खोल जाईल. पंधरा-वीस मिनिटांनी न शोषलेले तेल पुसून काढा, नाहीतर ते चिकट राहते आणि धूळ धरते. पूर्ण सुकल्यावर दुसरा हात, मग तिसरा. पुढे दरवर्षी एक हात पुरतो. खरवडण्याची कटकट नाही, म्हणून घरच्या माणसाला हे सोपे. तेल पावसाला वॉटरप्रूफ करत नाही, पण ओल आत जाण्याचा आणि बाहेर येण्याचा वेग कमी करते, त्यामुळे लाकूड तडकत नाही.

इथे एक धोक्याची सूचना. जवसाचे तेल सुकताना उष्णता सोडते. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली, तर ती काडी न लावता पेटू शकते. झाशीच्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळा. चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा एकेक पसरून बाहेर वाळू द्या. हे मुलांनाही सांगा.

रंग लावायचा असेल तर क्रम असा : जुना सुटलेला रंग खरवडणे, धाग्याच्या दिशेने पॉलिश पेपर, धूळ पुसणे, सहाही बाजूंना लाकडाचा ऑइल प्रायमर, मग लांबी, पुन्हा हलका पेपर, आणि इनॅमलचे दोन हात. लांबी प्रायमरच्या आधी भरली तर लाकूड तिच्यातले तेल शोषते आणि ती सुटून पडते. साग तेलकट असतो, म्हणून प्रायमरच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे वापरा. साध्या लोखंडाने सागावर काळे डाग पडतात आणि गंजलेल्या स्क्रूभोवती लाकूड कमजोर होते.

जुन्या क्वार्टरच्या दारांवर रंगाचे थरावर थर असतात. आपल्या देशात घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. म्हणून कोरडे घासू नका, पाणी मारून ओला पेपर चालवा, तोंडाला फडके बांधा आणि लहान मुलांना व गरोदर बायकांना लांब ठेवा.

मुहूर्त कोणता? दसरा उलटून हवा कोरडी झाली की नोव्हेंबर, किंवा मग मार्च. पावसाळ्यात ओल्या लाकडावर रंग दिला तर ओल आत कोंडते आणि फोड येतात. मे महिन्याच्या उन्हात रंग वरून सुकतो आणि आतून कच्चा राहतो.

प्लाय घेताना

आजकाल कपाटे प्लायची होतात. दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणतो तेव्हा शिक्का पाहा. एमआर म्हणजे घरातल्या वापराचे, त्याला पाण्याजवळ ठेवू नये. बीडब्ल्यूआर त्याहून बरे. आयएस ७१० चे मरीन प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, बाहेरच्या कपाटाला तेच घ्या. पण मरीन प्लायचीसुद्धा कापलेली कड उघडी ठेवली की पाणी थरांत शिरते. कड आधी प्रायमरने बंद करा, मग पट्टी लावा. पार्टिकल बोर्ड मात्र व्हरांड्यात नकोच.

जुने स्लीपर घरात आणू नका

आता रेल्वे कॉलनीतल्या मंडळींसाठी महत्त्वाची गोष्ट. जुन्या स्लीपरचे लाकूड घट्ट आणि स्वस्त म्हणून त्याचे फाटक, बाक, अगदी जेवणाचे टेबलही करतात. तुकडे चुलीत किंवा शेकोटीत जातात. पण बऱ्याच स्लीपरना क्रिओसोट पाजलेले असे. त्यासाठी १९२० च्या दशकात पंजाबात धिलवान येथे कारखाना उभा राहिला होता. क्रिओसोट कोळशाच्या डांबरापासून निघते, लाकडाला वर्षानुवर्षे टिकवते, पण माणसाला घातक आहे. त्यात कर्करोग करणारी द्रव्ये असतात. उन्हात ते घामासारखे वर येते आणि कातडीला लागते.

दुसरे औषध तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे. ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ च्या सुमारास शोधले. भारतीय माणसाचा हा शोध जगभर खांबांना आणि कुंपणांना वापरला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटावा. पण त्यातल्या आर्सेनिकमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापराचे लाकूड अशा प्रकारे बनवणे थांबवण्यात आले. असे हिरवट लाकूड जाळले तर धूर आणि राख दोन्ही विषारी. तेव्हा औषध पाजलेले कोणतेही लाकूड शेकोटीत घालू नका, त्याची राख भांडी घासायला किंवा झाडांना वापरू नका, आणि त्याच्यावर लेकरांना बसवू नका. जळके इंजिन ऑइलही फर्निचरला चोपडू नका. ते सुकत नाही, कपडे खराब होतात, आग लवकर धरते आणि पावसात धुऊन विहिरीच्या पाण्यात जाते.

समितीपुढे विनंती

शेवटी आपल्या समितीच्या सामानाकडे येतो. उत्सवाचा चौरंग आणि मखर विसर्जनानंतर ओल्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर जातात आणि पुढच्या भाद्रपदातच उघडतात. यंदा ते आधी चार-पाच दिवस सावलीत, हवेवर वाळू द्यावेत आणि सुती कापडात ठेवावेत. वाचनालयाचे कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले आहे. ते दोन इंच पुढे ओढावे आणि पायाखाली दगड द्यावेत. कपाटाला वाळवी लागली तर दुसरे घेता येईल, पण आतली जुनी पुस्तके पुन्हा मिळणार नाहीत. अंगणातल्या बाकांसाठी दिवाळीनंतरचा एक रविवार ठेवावा. पॉलिश पेपर, तेल आणि चार ब्रश एवढेच लागेल. रंगारी बोलावण्याची गरज नाही. तरुण मुलांनी हात लावला तर मी स्वतः हजर राहीन आणि काम दाखवीन.

झाशीत आपण पिढ्यान्पिढ्या राहिलो किंवा बदलीवर पाच वर्षांसाठी आलो, तरी घरातल्या या वस्तू पुढच्या पिढीला द्यायच्याच आहेत. साग नवा घ्यायचा तर आज परवडत नाही, आणि त्यासाठी आणखी एक झाड पडते. असलेला साग वर्षातला एक दिवस मागतो. तेवढा द्यावा, एवढीच आपल्याला विनंती.



गणपती बाप्पा मोरया!